तुझ्या चित्रात नसलेला चौकोन

गहिन्या,

तुझ्या मातीला पाच हजार माणूस होतं. हे ऐकून तू काय करशील ते मला माहीत आहे. मान तिरकी करशील, डोळे बारीक करशील आणि शेजारच्याला सांगशील, "बंकट्याचं चारनं भागायचं." वीस वर्षं तू माझं बोलणं चारनं भागत आलास. आज तू नाहीस, म्हणून मीच भागतो. एकदा चारनं भाग, मग पुन्हा एकदा भाग. तीनशेच्या आसपास येतील. पण ती तीनशे माणसं त्या फुफाट्याच्या रस्त्यानं चालली होती आणि चपलांशिवाय कसला आवाज नव्हता, एवढं भागू नकोस.

तू काय शिकलास, कुठं नोकऱ्या केल्यास, मागं कोण कोण आहे, ते सगळं पेपरात चौकट करून आलं. फोटो कुणाच्या तरी लग्नातला दिलाय, त्यात तुझ्या खांद्यावर अर्धा हात दिसतो. तो हात माझा आहे. बाकीचा मी त्यांनी कापून टाकला. असो. मला तुझ्याशी आपल्या एका भांडणाबद्दल बोलायचंय. ते भांडण अर्धवट राहिलं, आणि त्यात मी एक लबाडी केलेली आहे.

आपलं बीडचं ऑफिस आठव. टायरच्या दुकानावरची ती खोली. एप्रिलमध्ये इतकी तापायची की मी कीबोर्डवर पापड भाजून खाल्लेत. (भाग.) खालून रबराचा वास, वर पत्रा, आणि एका भिंतीवर तुझा तो पांढरा फळा. गावोगावच्या पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह आपोआप उघडायचे-मिटायचे, त्यासाठी पंपघरात एक पेटी बसवायची आणि पेटीत प्रोग्राम घालायचा, हा आपला धंदा. मी प्रोग्राम लिहायचो. धो धो लिहायचो. तू एक दिवस माझ्या मागं येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "लिहायचं बंद कर. आता काढायचं."

मला वाटलं, तुला ऊन लागलं.

तू फळ्यावर चौकोन काढलास. एका चौकोनात लिहिलंस 'टाकी भरतेय', दुसऱ्यात 'पहिली लाईन चालू', तिसऱ्यात 'लाईट गेली'. चौकोनातून चौकोनात बाण. आणि प्रत्येक बाणावर कारण, कशामुळं इकडून तिकडं जायचं ते. असली चित्रं मी शेकडो बघितली होती. मोठ्या कंपन्यांत साहेब लोक काढतात, फाइलीला लावतात आणि मग पोरं मनाला येईल तसा प्रोग्राम लिहितात. मी तसं म्हणालोही. तू हसलास. तू तेच चित्र लॅपटॉपवर काढलंस आणि एक बटण दाबलंस. पहिला चौकोन पिवळा झाला. मग तो विझला आणि दुसरा पिवळा झाला. चित्र चालायला लागलं, गहिन्या. मी खुर्चीवरून पडलो. (हे भागू नको, खुर्चीचा पाय आधीच मोडका होता.)

तू समजावून सांगितलंस की ही नुसती चित्रं नाहीत, ही चित्रांची भाषा आहे, हिला नियम आहेत. नियमात बसणारं चित्र स्वतःच चालतं. स्क्रीनवर चालवून बघायचं, चुकलं तर चित्रच दुरुस्त करायचं, आणि मग त्याच चित्रातून यंत्र आपोआप प्रोग्राम तयार करून पेटीत घालतं. मधे माणसानं हात घालायचा नाही. "न चालणारं चित्र म्हणजे बंकट्याची गोष्ट," तू म्हणालास. "ऐकायला ग्वाड, कामाला शून्य. काय असंल ते चालवून दाखव."

चालवून दाखव. हे तू इतक्या वेळा म्हणालास की मी एकदा लघवीला चाललो म्हणालो तरी तू तेच म्हणालास.

मग पहिली पेटी तुझ्याच गावात बसवायची ठरली. तुझ्या गावात सात लाईनी, प्रत्येक गल्लीला चौथ्या दिवशी पाणी, आणि तीस वर्षं ती चाकं फिरवणारे लतीफचाचा. तू तीन आठवडे चाचांच्या शेजारी पंपघराच्या ओट्यावर बसून होतास. मी पण होतो, चहाला. चाचा बोलायचे, तू काढायचास.

"चाचा, चार नंबरच्या आधी थोडा वेळ सहा नंबर कावून उघडता?"

"पायपात हवा बसती बाबा. सहाची उघडली की हवा तिकडून पादून मोकळी होती. मग चारला पानी येतंय."

तू अत्यंत गंभीरपणे एक चौकोन काढलास आणि आत 'हवा काढणे' लिहिलंस. चाचांनी लॅपटॉपवर वाकून बघितलं.

"ह्ये पिवळं म्हंजी मी का?"

"हां. ह्ये तुमी."

"मग ह्यात मी च्या कवा पेतो?"

मी हसलो. तू हसला नाहीस. तू चाचांना विचारलंस, चहाला किती वेळ लागतो. पण त्या दिवशी चाचांनी खरी चूक काढली ती वेगळीच होती. तू चालवून दाखवलंस, तीन नंबर चालू असताना लाईट गेली, लाईट आली, आणि पिवळा चौकोन पुन्हा एकपासून सुरू झाला. चाचा म्हणाले, "पुन्ना एक? तीनवाल्या बाया माझ्या डोक्यात कळशी घालतील." तू खुश झालास. इतका खुश की मला लाज वाटली. चूक सापडली म्हणून नाचणारा माणूस मी तुझ्याआधी बघितला नव्हता. त्या चित्रांच्या भाषेत एक छोटं गोल चिन्ह असतं. त्यात बाण नेऊन सोडला की काम जिथून सुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू होतं. तू त्याला 'खूण' नाव दिलंस, पुस्तकात घालतो तशी. चाचांना म्हणालास, "आता तीनवर सोडलं तर तीनवरच येनार."

इथपर्यंत सगळं चांगलं आहे. इथून पुढं माझं आहे.

पेटी बसली आणि थोड्याच दिवसांत आपलं कडाक्याचं वाजलं. विषय काय होता ते आठवत नाही. तुझी वाक्यं आठवतात. मी म्हणालो, "गाव चित्रात मावत नसतं बे."

"मावत न्हाई म्हंजी तुला अजून कळलं न्हाई. कळलं की चौकोन काढता येतो."

"सगळ्याचा?"

"सगळ्याचा. चित्रात न्हाई ते गावात न्हाई."

"तुला एक दिवस दाखवतो."

"दाखव की. चालवून दाखव."

दोन दिवसांनी तू आष्टीकडं दुसऱ्या योजनेची जागा बघायला गेलतास, फोन लागत नव्हता. चाचांचा मला फोन आला. सहा नंबरच्या गल्लीत एक म्हातारी गेली होती. लोक मसणवाट्यातून माघारी येतील, आंघोळी करतील, घर धुतील. सहाचा नंबर दोन दिवसांवर. चाचा तीस वर्षं अशा दिवशी त्या गल्लीचं चाक तासभर उघडत आले होते. पंपघर मसणवाट्याच्या रस्त्यावरच आहे, लोक माघारी येताना दिसतात, चाचा उठायचे आणि चाक फिरवायचे. आता चाकं पेटीत कुलूपबंद.

मी विचारलं, "चाचा, तीन आठवडे तो तुमच्यापाशी बसला, हे कावून न्हाई सांगितलं?"

"त्यो कामाचं इचारत हुता बाबा. ह्ये कामात कुटं येतंय?"

बघ गहिन्या. आपल्या दोघांच्या भांडणाचा निकाल चाचांनी फोनवर देऊन टाकला होता आणि तू ऐकायला नव्हतास.

मी बीडमधून पेटीला जोडून घेतलं आणि सरळ तयार झालेला प्रोग्राम उघडला. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर तू मराठीत लिहून ठेवलं होतंस: ही फाइल चित्रातून आपोआप तयार झाली आहे, हातानं बदलू नये. त्याच्या खाली मी अकरा ओळी घातल्या. पेटीच्या दारावरचं हिरवं बटण तीनदा दाबलं आणि मग लाईनीचं बटण दाबलं की ती लाईन तासभर सुरू. दहा मिनिटांचं काम. सहाला पाणी आलं. चाचांना सांगितलं, "गहिनीला बोलू नका. मीच सांगतो."

नाही सांगितलं. का, ते ऐक. मला ते जपून ठेवायचं होतं. कधीतरी तू भर सभेत छाती काढून बोलत असशील आणि मी खिशातून या अकरा ओळी काढीन, असा बेत होता. आणि दुसरं असं की तू प्रश्न विचारले असतेस. कोण ठरवणार? एकाच दिवशी दोन घरी झालं तर? तासानंतर पुढं काय? मला उत्तरं नको होती, मला जिंकायचं होतं.

पण तू चित्र बदलत राहायचास. आणि चित्र बदललं की यंत्र प्रोग्राम नव्यानं तयार करायचं, माझ्या ओळी पुसल्या जायच्या. मग मी तुझ्या मागून चोरासारखा जाऊन त्या पुन्हा चिकटवायचो. तू चहाला गेलास की चिकटव, तू जेवायला गेलास की चिकटव. दोन वर्षांत दहा हजार वेळा चिकटवल्या. भागत बस. कितीही भागलंस तरी एकदा उरेलच, आणि तेवढं एकच पुरेसं आहे.

दिंद्रुडला आजूबाजूच्या गावचे सरपंच जमले होते तो दिवस तर मला आत्ताही गिळता येत नाही. तू पडद्यावर चित्र चालवून दाखवलंस. लोक पिवळ्या चौकोनामागं मान फिरवत होते, कुस्ती बघावी तसे. मग तू म्हणालास, "ह्यात हातानं लिवलेली एक ओळ न्हाई. चित्रात हाय तेच चालतंय." हाच तो क्षण होता, ज्यासाठी मी ते जपलं होतं. मी पहिल्या रांगेत होतो. आणि मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. तुझा चेहरा बघून माझ्याच्यानं झालं नाही. तुला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की परत येताना गाडीवर तू गाणं म्हटलंस, आणि तुझं गाणं ऐकून रस्त्यावरची म्हैस दूध द्यायची थांबली असणार, पण मी काही बोललो नाही.

त्यानंतर सांगायची वेळ कधी आलीच नाही. आणि मग सुरेखावहिनींचा सकाळी फोन आला.

तुला बीडहून गावी आणलं. माती झाली. लोक माघारी आले. दारात कडुलिंबाचा टहाळा, आणि आत टाकीत जेमतेम दोन बादल्या पाणी. तुझी पाच नंबरची गल्ली. त्या दिवशी दोन नंबरला पाणी चालू होतं. कुणीतरी टँकरचं बोलायला लागलं. मी ओट्यावर बसलो होतो. आणि नळाला हवा आली. आधी ते खाकरणं, मग गढूळ, मग धार. सगळी गल्ली नळाकडं बघत राहिली.

वहिनी आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "आपला नंबर तर परवा हाय म्हणत्यात."

शेजारची एक बाई म्हणाली, "मयताला येतंय पानी. गहिनीनंच केलंय ना तसं."

वहिनी माझ्याकडं वळल्या. "खरं का भाऊजी? ह्ये बी करून ठिवलतं त्यांनी?"

मी म्हणालो, "हो वहिनी."

आयुष्यात मी इतकं खोटं बोललो, गहिन्या, पण दोन शब्दांत इतकं जड कधी बोललो नाही. त्या पदर तोंडात धरून रडल्या, आणि मधेच थोडं हसल्यासारखं केलं. तुझ्या मातीहून आलेल्यांना आंघोळीचं पाणीसुद्धा तुझ्या चित्रानं दिलं असं त्यांना वाटलं. ते माझ्या अकरा ओळींनी दिलं होतं. आणि अंगावर तांब्या ओतताना मला, खोटं कशाला बोलू, एका क्षणापुरतं वाटून गेलं की मी जिंकलो.

दहाव्याच्या दिवशी चाचांनी मला पंपघराच्या ओट्यावर नेलं. तूच बसायचास त्या जागी मला बसवलं.

"बंकटभाऊ, येक इचारू का? त्या तीनदा दाबन्यात कायतरी खोट हाय."

"कसली खोट?"

"आता गहिनीच्या दिवशी दोन नंबर चालू हुतं. मी पाच उघडलं. तासानं मिटलं. मग सुरू झालं सहा."

"मग?"

"मग म्हंजी? दोनचं अर्धं ऱ्हायलं. तीन न्हाई, चार न्हाई. समदे पुढच्या फेरीपत्तर कोरडे. दर मयताला आसंच व्हतंय, दोन वर्सं झाली."

प्रोग्रामला काय, पाच झालं की सहा. तुझी ती खूण चित्रात होती. माझ्या ओळी चित्राच्या बाहेरून आल्या होत्या, त्यांना खूण कुठून दिसणार. तासानंतर पुढं काय, हा तुझा प्रश्न मी चुकवला होता, तो तीन गल्ल्यांनी हंड्या-कळश्यांत सोसला.

मी विचारलं, "कुणी बोललं कसं न्हाई?"

"मयताच्या घरचं पानी. कोन बोलनार?" चाचा म्हणाले, "आन गहिनीला तर कुनी कळूच दिलं न्हाई. पोरानं येवढं गावासाठी केलं, त्याच्या चित्रात खोट निघाली म्हनून त्याला वाईट वाटंल, म्हनून समदे गप."

तुझ्या चित्रात खोट. गाव तुला दोन वर्षं सांभाळून घेत होतं, माझ्या चुकीसाठी. की तुला कुठून तरी कळलं होतं, आणि तू मला सांभाळून घेत होतास, मी केव्हा तोंड उघडतो याची वाट बघत? हे मला आता कधी कळणार नाही. मी त्यावर विचार करायला लागलो की माझं डोकं कोणत्याच चौकोनात थांबत नाही.

मी उठलो आणि सरळ वहिनींकडं गेलो. सगळं सांगितलं. अकरा ओळी, चोरून चिकटवणं, दिंद्रुडच्या टाळ्या, तीन गल्ल्या. उभ्यानंच सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या कामातली खोट तुमी तुमच्या अंगावर घेताय. ते म्हनायचे, तुमचं चारनं भागायचं."

मी शपथ घेतली.

"बसा, च्या ठिवते," त्या म्हणाल्या.

जन्मात एकदा खरं बोललो, त्याचंही तू आधीच चारनं भागून ठेवलं होतंस. मी चहा प्यालो आणि उठलो. पाणी तुझ्या नावावर राहिलं तर राहू दे. पण मग ते तुझ्या चित्रात असायला पाहिजे, आणि तू काढलं असतंस तसं असायला पाहिजे. तू म्हणायचास, माणूस गेला की त्याचं डोकं जातं, चित्र राहतं. उद्या मला काही झालं तर त्या अकरा ओळी माझ्याबरोबर जातील. चाचा हिरवं बटण तीनदा दाबतील आणि काही होणार नाही. शिवाय आता तेच चित्र दिंद्रुडला बघितलेल्या गावांना जाणार आहे. तिथंही माणसं मसणवाट्यातून माघारी येतातच.

आज सकाळी ऑफिसात मी तुझ्या खुर्चीवर बसलो. तुझं चित्र उघडलं. मी वीस वर्षांत एक चौकोन स्वतः काढला नव्हता. चौकोन काढला. नाव काय द्यायचं यात एक तास गेला. मयत, दुःख, अडचण, सगळं लिहून पुसलं. तू असतास तर म्हणाला असतास, तिथं काय होतं ते लिही. मी लिहिलं 'आंघोळीचं पाणी'. सातही लाईनींना वेढणाऱ्या मोठ्या चौकोनाच्या कडेवरून त्यात एक बाण आणला, म्हणजे कुठलीही लाईन चालू असली तरी तिथं जाता येईल. बाणावर कारण लिहायला लागतं. कोण ठरवणार, हा तुझा प्रश्न. मी लिहिलं: लोक माघारी आले, चाचांनी बघितले. आणि ते हिरव्या बटणाला जोडलं. त्याच दिवशी दुसऱ्या घरी मयत झालं तर तोच बाण पुन्हा, त्या लाईनीसाठी.

चौकोन लाल झाला. बाहेर जायचा बाण नाही, म्हणून यंत्र चालवायला तयार होईना. आत आलेलं बाहेर कसं पडणार ते सांगितल्याशिवाय तुझी ही भाषा पुढं जाऊ देत नाही. मी बराच वेळ त्या लाल चौकोनाकडं बघत बसलो. मग बाण काढला, तासानंतर, आणि तुझ्या खुणेत नेऊन सोडला. लाल गेला.

मग अकरा ओळी पुसल्या. यंत्राला प्रोग्राम नव्यानं करायला लावला, आणि या वेळी मागून काही चिकटवलं नाही.

दुपारी पंपघरावर चाचांना चालवून दाखवलं. दोन नंबर पिवळा होता. मी हिरवं बटण तीनदा दाबलं, मग पाच. पिवळा दोनवरून उठला, 'आंघोळीचं पाणी' मध्ये जाऊन बसला. स्क्रीनवर तास लवकर सरतो. मग तो तिथून उठला आणि चाचा माझ्याआधी बोलले, "दोनवर आलं."

"दोनवरच येनार," मी म्हणालो, तुझ्या आवाजात.

चाचांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आता गहिनीला सांगा."

म्हणून हे लिहिलं. गहिन्या, तुझ्या प्रोग्राममध्ये हातानं लिहिलेल्या ओळी आता शून्य आहेत. चारनं भागून बघ.